सूत्र कोणाच्या हाती? अपंग कलावंतांचे संच आणि त्यांचे नेते

बाहेर लोणावळ्याचा पाऊस आहे, आणि तरीही मळवली-कामशेतहून लोकलनं आलेली मंडळी समोर दिसताहेत. त्यांचे विशेष आभार. परतीच्या गाडीचं भान आम्ही ठेवू.

संयोजकांनी पाठवलेला विषय असा होता : अपंग कलावंतांचे रंगमंचीय संच आणि त्यांचं नेतृत्व. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, नाटक कधी बसवलं नाही. नकारच देणार होतो. पण ‘नेतृत्व’ या शब्दानं अडवलं. धनंजयाचा ‘दशरूपक’ हा दहाव्या शतकातला नाट्यशास्त्रावरचा ग्रंथ. नाटकांचे प्रकार कशावरून ओळखायचे, तर वस्तू, नेता आणि रस या तिघांवरून, असं तो सांगतो. वस्तू म्हणजे कथानक. आणि नेता म्हणजे? पुढारी नव्हे, नायक. जो कथानकाला फळापर्यंत नेतो तो नेता. नाटकमंडळी चालवणारा, कोण काय करणार हे ठरवणारा, तो निराळा. त्याचं नाव सूत्रधार.

म्हणजे आपल्या परंपरेनं जागा दोन मानल्या आहेत. एक उजेडात पुढे असलेल्याची, दुसरी दोरी हातात असलेल्याची. अपंगांच्या संचात पहिल्या जागी अपंग कलावंत असतो, हे उघडच आहे. दुसऱ्या जागी कोण असतं, आणि तिथं जो कोणी असतो तो ती दोरी कशी धरतो, एवढंच आज आम्हाला पाहायचं आहे.

एक शब्दाचा खुलासा आधी करून टाकतो, नाहीतर शेवटी प्रश्न येतोच. २०१५ च्या अखेरीला पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदावर रूढ झाला. सुचवण्यामागचा हेतू चांगलाच असणार. पण आमच्या ओळखीचे जे कलावंत आहेत ते आपसांत स्वतःला अंध, बहिरा, अपंग असंच म्हणतात, आणि एकानं आम्हाला हसत विचारलं होतं, ‘दिव्य म्हटल्यावर पायऱ्या उडून जायच्या असतात का हो सर?’ तेव्हापासून आम्ही साधा शब्द वापरतो. ज्यांना तो खुपतो त्यांनी मनातल्या मनात बदलून घ्यावा.

आता आमचीच एक चूक सांगतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या मावळातल्याच एका गावी अंध गायक-वादकांचा कार्यक्रम होता आणि अध्यक्ष म्हणून आम्हाला बोलावलं होतं. कार्यक्रम झाला, आम्ही उभे राहिलो आणि अध्यक्षानं बोलायचं असतं तसं बोललो. देवानं यांची दृष्टी नेली पण गळा दिला, आपण डोळस असून आंधळे आहोत, वगैरे. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. आम्हीही जरा भारावलो होतो, खोटं कशाला सांगा.

नंतर चहाच्या वेळी त्यांच्यातल्या एक गायिका काठी टेकत आमच्यापर्यंत आल्या. वय तिशीचं असेल. म्हणाल्या, ‘सर, दुसऱ्या अभंगात माझा पंचम उतरला होता. तुम्हाला कळलं का?’ कळलं होतं. आम्हाला गाण्याचा थोडा कान आहे. आम्ही म्हटलं, ‘हो, किंचित उतरला होता.’ त्या म्हणाल्या, ‘मग बोलला का नाहीत? पाच वर्षं गातेय, एकानंही चूक सांगितली नाही. माझं गाणं आहे तिथंच राहिलं.’

या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या ग्रंथापाशी पोचलो तो आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवत होतो, हा त्यातला विनोद.

अभिनवगुप्त, काश्मीरचा, सुमारे इसवी सन १००० चा. भरताच्या नाट्यशास्त्रावर त्याची ‘अभिनवभारती’ ही टीका आहे. नाटक पाहताना रस कसा निर्माण होतो, याचा विचार त्यानं केला तसा फार थोड्यांनी केला असेल. त्याचं म्हणणं साध्या भाषेत असं. रंगमंचावर सीता रडते तेव्हा आपल्याला वाईट वाटतं. पण ते दुःख आपल्या घरचं नसतं आणि त्या नटीच्या घरचंही नसतं. खरंच नटीच्या घरी काही झालं आहे असं कळलं तर आपण खुर्ची सोडून मदतीला धावू, नाटक तिथंच संपेल. दुःख ‘माझं’ही नाही आणि ‘अमक्याचं’ही नाही, अशा जागी ते येतं तेव्हाच त्याचा आस्वाद घेता येतो. याला साधारणीकरण म्हणतात.

आणि मग तो रसाच्या वाटेतली सात विघ्नं मोजतो. सातही सांगत बसत नाही, तीन पुरेत. पहिलं विघ्न, जे चाललं आहे ते शक्यच नाही असं प्रेक्षकाला वाटणं. दुसरं, समोरचं सुखदुःख एका विशिष्ट माणसाला, विशिष्ट काळावेळाला चिकटून राहणं. ‘हे याचं स्वतःचं दुःख आहे’ हे मनातून न जाणं. हे घालवण्यासाठीच म्हणे पूर्वरंग असतो, प्रस्तावना असते, नटाच्या डोक्यावर मुकुट असतो. नट झाकला जावा आणि राम दिसावा, यासाठी. चौथं विघ्न आहे ‘प्रतीत्युपायवैकल्य’. प्रतीतीचा उपाय, म्हणजे कळण्याचं साधन, ते अपुरं असणं. शब्द लक्षात घ्या : वैकल्य. विकलांगातला ‘विकल’ तोच हा. पण अभिनवगुप्तानं वैकल्य माणसाला लावलेलं नाही, साधनाला लावलं आहे. आम्ही हा शब्द तीस वर्षं फळ्यावर लिहिला आणि त्याचा हा अर्थ त्या चहाच्या कपापर्यंत आमच्या डोक्यात आला नव्हता.

आता त्या गावातल्या कार्यक्रमाकडे परत पाहा. पडदा उघडायच्या आधी निवेदक काय म्हणाला होता? ‘यातल्या एकालाही दिसत नाही, बरं का मंडळी!’ म्हणजे पूर्वरंगानं जे झाकायचं ते त्यानं उघडं केलं. पुढे दोन तास आम्ही अभंग ऐकलेच नाहीत, आंधळी माणसं अभंग म्हणताहेत हे पाहत बसलो. दुसरं विघ्न आम्ही स्वतः आमंत्रण देऊन आणलं आणि वर त्याला अध्यक्षीय समारोप जोडला.

आणखी एक गंमत आहे. दया हा रस नाही. करुण रसाचा स्थायी भाव शोक आहे, दया नव्हे. मग रसशास्त्रात दया कुठं येते? वीररसात. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त वीराचे चार प्रकार आहेत : दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर. म्हणजे दया उपजते तेव्हा नायक कोण होतो, तर ज्याला दया येते तो. ज्याची दया येते तो फक्त निमित्त. आम्ही त्या संध्याकाळी टाळ्या वाजवत होतो तेव्हा नेता त्या बाई नव्हत्या. आम्ही होतो. सभागृहातले सगळे दयावीर, आणि पहिल्या रांगेत दोन दानवीर.

हे नवीन नाही, फार जुनं आहे. नाट्यशास्त्रात विदूषक कसा असावा याचं वर्णन आहे : बुटका, दात पुढे आलेला, कुबडा, टकला, पिवळ्या डोळ्यांचा. अपंग शरीराला आपल्या रंगभूमीनं पहिल्यापासून जागा दिली, पण हसण्यासाठी दिली. पुढे हसण्याऐवजी रडणं आलं. मराठीत जयवंत दळवींचं ‘नातीगोती’ हे मतिमंद मुलाच्या आईबापांचं नाटक. आम्ही ते ग्रेट नाटक मानतो. मुलाची भूमिका अतुल परचुरे यांनी केली आणि ती पाहणारे अजून तिच्याविषयी बोलतात. पण नाटकाची नजर आईबापांची आहे, आणि त्या मुलाचं शरीर मंचावर उसनं आणलेलं आहे. ते साहजिकच होतं. प्रश्न एवढाच की हे शरीर ज्याचं स्वतःचं आहे तो मंचावर आला तर काय करायचं, हे आपल्याकडे कुणी शिकवून ठेवलेलं नाही. ते त्या त्या संचाच्या सूत्रधारालाच शोधून काढावं लागतं.

असे सूत्रधार आपल्या भागात झाले का? झाले. आणि पहिलं उदाहरण तर इतकं भक्कम आहे की त्याचा विसर कसा पडतो याचं नवल वाटतं.

गदग. आज कर्नाटकात, पण गाण्याच्या नकाशात मिरज-धारवाड-गदग हा एकच रस्ता आहे. पंचाक्षरी गवई, जन्म १८९२, जन्मांध. हानगलच्या कुमारस्वामींनी त्यांना आणि त्यांच्या अंध भावाला वाढवलं, गाणं शिकवण्याची सोय केली. मिरजेचे नीलकंठबुवा, ज्यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, तेच पंचाक्षरींचेही गुरू. पंचाक्षरींनी पुढे अंध आणि गरीब मुलांना घेऊन गावोगाव फिरती संगीतशाळा चालवली आणि त्या मुलांच्या पोटासाठी नाटक कंपनी काढली. तीच शाळा पुढे गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात स्थिरावली. १९४४ मध्ये ते गेले. त्यांच्यानंतर सूत्र आलं पुट्टराज गवयांकडे. तेही लहानपणीच दृष्टी गेलेले. गाणारे, अनेक वाद्यं वाजवणारे, नाटकं लिहिणारे. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी शहाण्णवाव्या वर्षी ते वारले.

यात पाहण्यासारखं काय आहे? अंध माणूस गात होता, हे नाही. अंध गायक आपल्याकडे सूरदासापासून आहेत. पाहण्यासारखं हे की अंध माणूस मालक होता, गुरू होता, नाटककार होता, आज कुठल्या गावी मुक्काम करायचा हे ठरवणारा होता. आणि त्याच्याकडे डोळस मुलंही शिकायला येत होती. बसवराज राजगुरू हे पंचाक्षरींचे शिष्य. त्यांना चांगलं दिसत होतं. राजगुरूंचं गाणं ऐकताना ‘एका अंधानं शिकवलेलं’ असं कोण म्हणतं? गुरूचा सूर कसा आहे एवढंच पाहिलं गेलं. पंचम उतरला तर तिथं काय होत असेल याची कल्पना जुन्या गुरुकुलांची पद्धत माहीत असलेल्यांना यावी.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं. बाबा आमट्यांचं वरोऱ्याचं आनंदवन सर्वांना माहीत आहे. तिथं २००२ मध्ये डॉ. विकास आमटे यांनी ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठमुक्त, अंध, बहिरे, हातापायांनी अधू, असे शंभराच्या वर कलावंत. पुण्या-मुंबईला त्यांचे तिकीट लावून कार्यक्रम झाले, आपल्यापैकीही काहींनी पाहिले असतील. इथं सूत्र अपंग नसलेल्या डॉक्टरांच्या कल्पनेतून आलं, हे खरं. पण मागे आनंदवनाची जी धारणा होती ती महत्त्वाची. दानानं माणूस दुबळा होतो, कामानं उभा राहतो, ही बाबांची शिकवण. त्या धारणेत वाद्यवृंद हा हातमागाशेजारचा आणखी एक विभाग होतो. गाणं हे काम आहे, त्याचं तिकीट आहे. तिकीट ही बाब आम्हाला फार मोलाची वाटते. ज्यानं तिकीट काढलं तो नावं ठेवू शकतो. फुकट पाहणारा फक्त कौतुक करतो.

इथं थोडं विषयांतर. या संचांना कार्यक्रमाला बोलावताना आयोजक विचारतात, ‘मानधनाचं काय? की सेवा म्हणून?’ अपंगांच्या कार्यक्रमाला जाणं ही प्रेक्षकाची सेवा की कलावंताची, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही. तबलजीला सेवा म्हणून बोलावून पाहा एकदा.

तिसरं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या पुण्याचं आहे आणि त्यात आमच्या प्रश्नाचा पीळ जास्त आहे. स्वागत थोरात. डोळस माणूस. बालचित्रवाणीसाठी अंधांच्या वसाहतींवर माहितीपट करताना त्यांचा या मंडळींशी संबंध आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्यांनी ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ हे नाटक ८८ अंध कलावंतांना घेऊन केलं. अठ्ठ्याऐंशी. डोळस नटांचा एवढा ताफा मंचावर आणला तरी दिग्दर्शकाला घाम फुटतो. पुढे त्यांनी ४४ अंध कलावंतांना घेऊन पु. लं.चं ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं.

ही निवड आम्हाला विलक्षण वाटते. ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ चं, ब्रेख्टच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून घेतलेलं. ब्रेख्टच्या मूळ नाटकात पीचम नावाचा इसम भिकाऱ्यांची कंपनी चालवतो. धडधाकट माणसांना लंगडा, आंधळा, थोटा बनवण्याचे पोशाख तो भाड्यानं देतो, कारण लोकांची दया आटत चालली आहे आणि ती पुन्हा पाझरवायची तर नवी नवी सोंगं लागतात. दयेचा बाजार म्हणजे काय हे या पीचमइतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं नाही. आणि हे नाटक खऱ्या अंधांनी करायचं! अंधत्वाचं सोंग विकणाऱ्या बाजाराचं नाटक, ज्यांच्या नावानं तो बाजार चालतो त्यांनीच. खाली बसलेल्या दयावीराची यात मोठी पंचाईत आहे. टाळी वाजवली तरी तो पीचमचं गिऱ्हाईक ठरतो.

त्यानंतर थोरातांनी केलेलं ‘अपूर्व मेघदूत’ १९ अंध कलावंतांचं. कालिदासाच्या ‘मेघदूता’चा पूर्वार्ध काय आहे? रस्ता सांगणं. इथून निघ, अमुक डोंगर लागेल, पुढे अमुक नदी, वाट थोडी वाकडी झाली तरी उज्जयिनी चुकवू नकोस. न पाहिलेली वाट केवळ ऐकून चालायची आहे. ज्याचा रोजचा बसस्टॉपपर्यंतचा प्रवास असाच होतो, त्याच्या तोंडी ते शब्द आले की काव्य वेगळं ऐकू येतं. अंधांना ‘जमेल असं’ नाटक शोधलं असतं तर मेघदूत कुणी निवडलं नसतं. ढग, रंग, नद्यांची वळणं, सगळं पाहण्याचंच तर आहे.

पण सूत्र डोळस माणसाच्या हाती होतं, मग आमचा प्रश्न सुटला का? आम्ही थोरातांचं पुढचं काम पाहतो. नाटकांच्या निमित्तानं या मंडळींबरोबर राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की यांना वाचायला काही नाही. १५ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक सुरू केलं. नट मंचावरून उतरून घरी गेल्यावर त्याचं काय, हा विचार तालमीतून निघाला. दयावीराचा खेळ पडदा पडला की संपतो. यांचा संपला नाही.

प्रत्यक्ष तालमीत काय चालतं ते थोडं सांगतो, नाहीतर हे सगळं हवेत राहील. अंध नटांच्या एका तालमीला आम्ही तीन दिवस बसलो होतो. मंचाच्या कडेनं काथ्याची पट्टी अंथरली होती. पायाला खरखर लागली की पुढे खड्डा. प्रत्येकाची पावलं मोजलेली. पेटीवाला रोज एकाच जागी, म्हणजे पेटीचा आवाज हाच ध्रुवतारा. आणि संवाद हे केवळ संवाद नव्हते, त्या खुणाही होत्या. समोरचा बोलतो त्या आवाजाच्या दिशेनं हा चार पावलं जाणार. म्हणून एकानं वाक्य गाळलं की दुसरा हरवतो. डोळस नटाची विसरभोळी चूक इथं दुसऱ्याच्या अंगावर येते. त्यामुळं पाठांतराची शिस्त आम्ही तिथं पाहिली तशी व्यावसायिक रंगभूमीवरही पाहिलेली नाही.

एका जागी दिग्दर्शक अडला. राजाचं काम करणारा नट प्रधान बोलू लागला की तोंड न वळवता कान वळवायचा. साहजिक आहे, ऐकायला कान लागतो. दिग्दर्शकानं दोन दिवस त्याला तोंड फिरवायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, राहू दे. हा राजा कान देऊनच ऐकेल. आणि तो राजा एकदम राजा दिसायला लागला. जो बोलणाऱ्याकडे पाहत नाही, फक्त ऐकतो, त्याच्यापुढे प्रधान घाबरेल की नाही? डोळसाचं सोंग वठवायला लावणं सोडलं आणि भूमिकेला नवा उपाय सापडला. आम्हाला वाटतं, या क्षणी दोरी दोघांच्या हातात होती.

आपल्या भाज्याच्या लेण्यात, सूर्य आणि इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत त्या विहारात, एक छोटं दृश्य कोरलेलं आहे. एक बाई वाद्यांवर हात टाकून बसली आहे आणि दुसरी नाचते आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांचं काम. दगड झिजलाय, नाकडोळे पुसट झालेत. पण तिथं उभं राहून ‘अरेरे, बिचारीचे हात झिजले’ असं आम्ही कुणाला म्हणताना ऐकलं नाही. सगळे म्हणतात, ‘काय नाचतेय!’ दगडाला आपण जो न्याय देतो तो माणसाला देताना अडखळतो.

जगात हे कुठं कुठं पुढे गेलं आहे? चीनमध्ये अपंग कलावंतांचा एक राष्ट्रीय संच आहे. त्यांचं ‘हजार हातांची ग्वानयिन’ हे नृत्य २००५ च्या वसंतोत्सवात दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिलं. ग्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. २१ नर्तक-नर्तकी एकामागे एक उभे, सगळे बहिरे. संगीत ऐकू येत नाही, तर मंचाच्या चार कोपऱ्यांत चारजण उभे राहून हातांच्या खुणांनी ताल दाखवतात. प्रतीतीचा उपाय बदलला, वैकल्य गेलं. त्यातली मुख्य नर्तकी ताय लीह्वा, लहानपणीच ऐकू येणं गेलेली, पुढे त्या संचाची प्रमुख झाली. नेता होती ती सूत्रधार झाली. लंडनचा ‘ग्रेआय’ हा संच १९८० पासूनचा. १९९७ पासून त्याचं सूत्र जेनी सीली या बहिऱ्या दिग्दर्शिकेकडे आलं आणि २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकच्या उद्घाटन सोहळ्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी त्या एक होत्या.

अवघड प्रश्न बौद्धिक अपंगत्वाचा. तिथं सूत्र त्यांच्या हाती कसं द्यायचं, असं कुणीही विचारील. ऑस्ट्रेलियात जिलाँग गावी ‘बॅक टू बॅक’ नावाचा संच १९८७ पासून आहे. दिग्दर्शक तसा अपंग नाही. पण नट नाटकाचे लेखकही असतात. त्यांच्या बोलण्यातून, भांडणातून, गप्प बसण्यातून संहिता वर्षानुवर्षं घडत जाते. २०२२ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला. म्हणजे सूत्र पूर्ण देता आलं नाही तरी त्याचे पदर वाटून घेता येतात. आम्हाला स्वतःला हे उत्तर पुरतं पटलेलं नाही, पण यापेक्षा चांगलं सुचतही नाही.

आपल्याकडचा २०१६ चा अपंग हक्क कायदा या बाबतीत बराच उदार आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत, आणि कलम २९ मध्ये अपंग कलावंतांना साहाय्य आणि कला सर्वांना घेता येईल अशी करणं, हे सरकारचं काम म्हणून लिहिलं आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग माणसं आहेत. कायदा वाचून झाला की कुठल्याही नाट्यगृहात जाऊन एक गोष्ट पाहा. खुर्च्यांपर्यंत जाणारा उतार हल्ली बऱ्याच ठिकाणी असतो. मंचावर जाणारा उतार शोधा. सापडत नाही. विंगेमागे सात पायऱ्या असतात. म्हणजे अपंग माणूस प्रेक्षक असू शकतो इथपर्यंत आपण आलो. नट असू शकतो हे बांधणाऱ्याच्या डोक्यात नव्हतं. आमच्या कानात हे जे यंत्र आहे आणि तुमच्यापर्यंत आवाज पोचवणारा हा जो माईक आहे, दोन्ही प्रतीतीचे उपायच. एक खर्च अपंगत्वावरचा आणि दुसरा सभागृहावरचा, असं कोणत्या न्यायानं म्हणायचं?

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे : मावळात असा संच सुरू करायचा तर सुरुवात कुठून? लोणावळा-खंडाळा-तळेगाव या पट्ट्यात माणसं नाहीत असं नाही. आम्ही एवढंच म्हणू की आधी नाटक ठरवून मग माणसं गोळा करू नका. आणि हिशेबाची वही कुणाकडे राहणार, हे पहिल्या बैठकीत ठरवा. वही ज्याच्याकडे, सूत्र त्याच्याकडे.

त्या गायिकेचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. तीन वर्षांनी त्यांचा फोन आला. स्वतःचा संच काढला होता, आठजणांचा. त्यात पेटीवाला डोळस आणि बाकी सात अंध. म्हणाल्या, ‘सर, रविवारी तालीम आहे. या, पण भाषण नको. वही घेऊन या आणि चुका लिहा.’ आम्ही गेलो. दोन तासांत अकरा चुका लिहिल्या. शेवटी वाचून दाखवल्या. त्यांनी सात मान्य केल्या, तीन फेटाळल्या, आणि एकीवर पेटीवाल्याशी त्यांचं जे भांडण लागलं ते आम्ही गाडी गाठायला निघालो तेव्हाही चालूच होतं.